जुनी सुतारकामाची हत्यारं: स्वस्त कुठे मिळतात आणि फसायला कुठे होतं?

बाल्कनीतला सुतार (धागाकर्ता) | रविवार, दुपारी ३.१०

आज सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक लोखंडी रंधा आणला. विकणारा बाराशे म्हणत होता, मी सहाशेपासून चढत चढत साडेनऊशेला थांबलो. चांगला काळा चकचकीत रंग, लाकडी मूठ शाबूत, पात्यावर इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का. रिक्षात मांडीवर घेऊन बसलो होतो, लहान मूल घ्यावं तसा.

घरी येऊन रंग खरवडला, तर तोंडापासून (पातं बाहेर येतं ती फट) कडेपर्यंत सरळ चीर. चिरेवर वेल्डिंगचा पुंजका, पुंजक्यावर लांबी (पुट्टी) आणि तिच्यावर तो चकचकीत रंग. बायको म्हणाली, "पेपरवेट जरा महाग पडला."

थोडी पार्श्वभूमी. लॉकडाऊनमध्ये लाकूडकामाचा नाद लागला. बाल्कनी नऊ बाय चार, त्यात एक मोडकं टेबल, त्यालाच वर्कबेंच म्हणतो. चांगल्या नव्या रंध्याची किंमत पाहिली आणि लॅपटॉप मिटला. मग स्वस्तातला नवा घेतला. त्याचा तळ इतका वाकडा, की लाकूड सपाट करण्याआधी त्यालाच सपाट करावं लागलं. म्हणून आता जुन्याकडे वळलोय.

जाणकारांनी सांगावं: चांगला जुना माल नेमका कुठे मिळतो? घेताना काय तपासायचं? आणि इतकी इंग्रजी हत्यारं आपल्या भंगारात येतात तरी कुठून?

---

शंकेखोर | रविवार, दुपारी ३.२५

प्रचि (प्रकाशचित्रं) टाका. वेल्डिंगचाही.

---

दारूखाना रिटर्न | रविवार, संध्याकाळी ७.०२

सांत्वन. माझा पहिला रंधाही असाच निघाला. तो आता दाराला अडसर म्हणून कामाला आहे आणि ते काम नेकीने करतो.

मुंबईचं सांगतो. सगळे आधी चोरबाजार म्हणतात. मटन स्ट्रीटला मी पंधरा वर्षं जातोय (शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद). तिथल्या हत्यारांना आता 'अँटिक'ची हवा लागली आहे. पितळेचा तुकडा दिसला की भाव तिप्पट. दिवाणखान्यात मांडायला ठीक आहे, लाकूड कापायला तिथून घेऊ नये.

माझी जागा म्हणजे रे रोडचा दारूखाना. जहाजं फोडण्याचा तिथला धंदा फार जुना. मोठ्या जहाजावर छोटं वर्कशॉप असतं, त्यातले व्हाइस, क्लॅम्प, पाने, ड्रिल मशीन असं सगळं भंगारवाल्यांकडे येतं. इथे एक गोम आहे. विकणारा वजनावर विकत असेल तर जड वस्तू घेऊ नका. बिडाचा व्हाइस किलोने महागच पडतो. उलट पटाशा, करवती, गिरमिटं किलोच्या भावात जवळपास फुकट पडतात. जड माल नगावर, हलका माल वजनावर. हे कळायला मला चार वर्षं लागली.

गुजरातेत जाणं होत असेल तर भावनगरजवळचं अलंग. त्रापजकडून किनाऱ्याकडे जाताना रस्त्याच्या दुतर्फा जहाजांच्या मालाची दुकानं आहेत. पलंगापासून बेसिनपर्यंत काहीही मिळतं. माझा 'रेकॉर्ड' कंपनीचा ५२ नंबरचा व्हाइस (सात इंची जबडा) तिथलाच. व्हाइस घेताना स्क्रूचे आटे मधोमध पाहा, झीज तिथेच होते, टोकं कायम कोरी असतात. झटकन सरकणारा असेल तर आतल्या अर्ध्या नटाची पकड बघा. जबड्यात लाकडाचा ठोकळा धरून जोर लावा. 'टक्' करून सुटला तर नट गेलाय.

सरकारी लिलाव आता ऑनलाइन होतात, एमएसटीसी या सरकारी कंपनीचं संकेतस्थळ आहे. पण तिथे लॉट मोठे, अनामत रक्कम भरा, ट्रक आणा. एका रंध्यासाठी दोन टन भंगार कोण उचलणार? मी वेगळं करतो. जवळच्या एखाद्या वर्कशॉपचा किंवा तंत्रशाळेचा जुना माल कोणी उचलला एवढं काढतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या गोदामात चहा प्यायला जातो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. परळचं रेल्वे वर्कशॉप १८७९चं, माटुंग्याचं १९१५चं. डबे तेव्हा लाकडी असत, म्हणजे शेकडो सुतार. त्यात गोदी, तंत्रशाळा, लष्कराची भांडारं. हत्यारं बोटीने शेफील्डहून यायची. पात्यावर बाणाच्या टोकासारखी खूण दिसली तर ती सरकारी मालाची. हत्याराचं वय काढायलाही खुणा असतात. रेकॉर्डचे रंधे १९३१ पासूनचे. अमेरिकेच्या स्टॅनली कंपनीने १९३७ मध्ये शेफील्डची चॅपमन कंपनी घेतली, त्यामुळे 'मेड इन इंग्लंड' लिहिलेला स्टॅनली त्यानंतरचा. पात्यामागे बिडात पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या असतील, दोन १९०२च्या आणि एक १९१०ची, तर तो अमेरिकन आणि साधारण पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा. असा मिळाला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे बोलू नका. 😀

---

गंजलेला इंजिनिअर | रविवार, रात्री ९.४८

चिरेसाठी जुनी फिटरची युक्ती. खिशात खडू आणि छोट्या बाटलीत रॉकेल ठेवा. रॉकेल नसेल तर डिझेल. संशय येईल तिथे फडक्याने लावा, दोन मिनिटं थांबा, कोरडं पुसा, वर खडू घासा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर ओल्या रेघेसारखं उमटतं. रंगाच्या जाड थराखाली हे चालत नाही, पण ताजा जाड रंग हाच मुळात पुरावा. जुन्या रंध्याला कोणी हौसेने रंग देत नाही.

आणि एक गैरसमज. पटाशीवर 'कास्ट स्टील' शिक्का दिसला की लोक 'अरे, हे तर बिडाचं' म्हणून ठेवून देतात. अगदी उलट. ते मुशीत वितळवून केलेलं पोलाद, शेफील्डला हंट्समनने अठराव्या शतकात काढलेली रीत. धार धरण्यात ते आजच्या बऱ्याच मालाला भारी आहे. विकणाऱ्यालाही ते बिडाचं वाटत असेल तर त्याचा गैरसमज तुम्ही दूर करायचा की नाही, हे तुमचं तुम्ही बघा.

---

मेटावरचा | रविवार, रात्री ११.३०

आधी नावाचं सांगतो, दर वेळी कोणीतरी विचारतंच. मेटा म्हणजे फेसबुकवाला नव्हे. सुतारमेट, म्हणजे सुताराची कामाची जागा. आजोबा सुतार, वडील सुतार, गाव वाई तालुक्यात. मी पुण्यात फर्निचरच्या कामात आहे, वडगावला शेड आहे.

वरच्या मंडळींनी रंध्यावर बरंच लिहिलंय. सुतार रंधा बघत नाही, पातं बघतो. रंधा म्हणजे काय, पातं धरणारा हात. पात्याची खाच संपल्यापासून धारेपर्यंत किती लोखंड उरलंय ते बघा. बोटभर असेल तर तुमचं आयुष्य निघेल, नखभर असेल तर सोडा. धारेजवळ निळसर झाक दिसली तर कोणीतरी ग्राइंडरवर तापवून त्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरवलंय. निळं तेवढं घासून टाकावं लागतं, मग उरतं काय ते मोजा. शंका आली तर खिशातली बारकी कानस धारेच्या कोपऱ्यावर हलकेच ओढा. घसरली तर पाणी शाबूत, रुतली तर गेलं.

पटाशीची मूठ बघा. झिजलेली, अंगठ्याच्या जागी खळगा पडलेली मूठ असेल तर डोळे झाकून घ्या. ती कुणाच्या तरी रोजच्या हातातली होती. पातं जुनं आणि मूठ कोरी असेल तर ते हत्यार कुणाला आवडलेलं नाही, त्याला कारण असणार.

इंग्रजी शिक्क्याच्या मागे फार लागू नका. ट्रकच्या कमानपाट्यापासून गावच्या लोहाराने केलेल्या पटाशा मी अजून वापरतो. त्यांच्यावर नाव नसतं म्हणून त्या पन्नास-शंभरात मिळतात. तसेच लाकडी रंधे. शिसवीचे, बाभळीचे. गोल रंधा, गलत्याचे (कडेला नक्षीची गोलाई काढायचे) रंधे, चौकटीचं पताम (कडेची पायरीसारखी खाच) काढायचा रंधा. आता राउटर आले, कोणी विचारत नाही. जुन्या बाजारात ते सरपणासारखे पडलेले असतात. तळ झिजला असेल तर रंधून सरळ होतो, तोंड मोठं झालं असेल तर लाकडाचा तुकडा बसवून लहान करता येतं. लोखंडी रंध्याची चीर अशी भरता येते का?

बाजाराची वेळ: रविवारी गर्दी असते आणि भावही तसेच. बुधवारी लवकर जा. आणि नवा शर्ट घालून जाऊ नका. 

---

एडिसनकर | सोमवार, सकाळी ६.१५

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे एस्टेट सेल नावाचा प्रकार असतो. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं सगळं घर विक्रीला काढतात, तळघरातल्या वर्कबेंचसकट. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या दिवशी भाव निम्मे. माझ्याकडे स्टॅनली पाच नंबर (चौदा इंची) वीस डॉलरचा आहे.

पुण्याला येताना दोन रंधे आणले होते. चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत अजिबात नको. सात नंबरच्या लांब रंध्याचं वजन साडेतीन किलोच्या वर जातं, आईच्या लोणच्यासाठी परतीला जागा होते हा फायदा. विजेवरची हत्यारं मात्र इथून नेऊ नका. इथे १२० व्होल्ट. मामेभावाने न सांगता थेट भिंतीत लावलं आणि माझी करवत चार सेकंदं जगली.

एक सूचना. स्टॅनलीचा एखादा स्क्रू हरवलेला असेल तर रंधा घेऊ नका. मूठ धरणाऱ्या दांड्याचे आटे बारा-वीस असे जगावेगळ्या मापाचे आहेत, हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत.

---

आर्मेचर | सोमवार, सकाळी १०.०५

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विजेच्या हत्यारांबद्दल थोडक्यात.

जुना रॅलीवुल्फ ड्रिल मिळाला तर घ्या. जड आहे, ओबडधोबड आहे, पण उघडून दुरुस्त करता येतो. चालू करून नुसता आवाज ऐकू नका, लाकडात भोक पाडून बघा. मागच्या जाळीतून कार्बनच्या जागी बारीक निळी ठिणगी चालेल, फिरता जाळ दिसला तर आर्मेचर (मोटरचा फिरता गाभा) गेलंय आणि रिवाइंडिंगचा खर्च हत्याराच्या किमतीएवढा. जळका वास एकदा बसला की जात नाही, अत्तर लावलं तरी.

बॅटरीवालं जुनं घेऊ नका. त्यात बॅटरीच महाग असते आणि तीच मेलेली असते.

साइटवरून आणलेली ग्राइंडर, पिशवीत गुंडाळलेली, बिल नाही, 'अर्जंट पैसे पाहिजेत': हात लावू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं ३१७ कलम. आणि ऑनलाइन विकणारा 'पैसे परत मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा' म्हणाला तर फोन ठेवा. स्कॅन केल्याने पैसे जातात, येत नाहीत.

---

माई बांदेकर | सोमवार, दुपारी १.२०

सावंतवाडीजवळ राहते, खेळणी कोरते. आमच्याकडे स्वस्त हत्यारं भरपूर मिळतात कारण सगळी गंजलेली असतात. चार महिने पाऊस, वर खारी हवा. गंजाला घाबरू नका. फक्त नखाने उकरून बघा. तांबडी पूड निघाली तर वरवरचा गंज. खड्डे पडलेले असतील तर ते कुठे आहेत ते बघा. पटाशीच्या वरच्या बाजूला असले तर काही बिघडत नाही. सपाट पाठीला, धारेजवळ असतील तर ती धार कधीच सलग येणार नाही.

मी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवते, सकाळी घासून लगेच पुसून शिवणयंत्राचं तेल लावते. लगेच म्हणजे लगेच. चहा पिऊन येते म्हटलं तर तेवढ्यात पुन्हा तांबूस.

---

गंजलेला इंजिनिअर | सोमवार, दुपारी २.०५

माईंना +१. मोठ्या मालासाठी विजेची रीत: प्लॅस्टिकची बादली, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक हत्याराला, धन टोक साध्या लोखंडाच्या भंगार तुकड्याला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. स्टेनलेसचा तुकडा वापरायचा नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे अंगणात किंवा गच्चीवर. लाकडी मूठ आधी काढा. हो, हे न सांगताही कळतं, पण मी एकदा काढली नव्हती.

---

दारूखाना रिटर्न | सोमवार, रात्री ८.४०

खरं घबाड राहिलंच. सुताराची अख्खी पेटी. म्हातारा सुतार वारला की पेटी माळ्यावर जाते. मुलं आयटीत किंवा रिक्षावर. घरच्यांना आत काय आहे ते माहीत नसतं. मी गेल्या वर्षी अशी एक पेटी पाचशेला उचलली. सोळा पटाशा, तीन रंधे, दोन करवती. डिस्टन या जुन्या अमेरिकन कंपनीची करवत होती त्यात, पितळी बिल्ल्यासकट!

---

मेटावरचा | सोमवार, रात्री ९.१५

पाचशे.

---

दारूखाना रिटर्न | सोमवार, रात्री ९.२२

त्यांनी तेवढेच मागितले हो दादा. मी पाडून मागितलं नाही.

---

मेटावरचा | सोमवार, रात्री १०.५०

तुम्ही फसवलं असं म्हणत नाही. भंगारवाल्याशी हवी तेवढी घासाघीस करा, त्याचा तो धंदाच आहे, उद्या तो तुम्हाला रंगवलेला रंधा विकेल. घरच्यांची गोष्ट निराळी.

माझे वडील गेले तेव्हा मी नोकरीवर नगरला होतो. आईने पेटी सातशेला दिली, दारावर आलेल्या माणसाला. तिला वाटलं, पोरगं कंपनीत आहे, त्याला कशाला लागतंय. दर खंडेनवमीला ज्या हत्यारांना हळदीकुंकू लावायची तीच. मला फोनवर सांगितलं ते आनंदाने, की अडगळ गेली आणि वर पैसे आले. मी काही बोललो नाही. काय बोलणार.

दोन वर्षांनी जुन्या बाजारात किकरं (एक प्रकारची पटाशी) दिसलं. वडील मुठीवर तापल्या खिळ्याने तीन ठिपके द्यायचे, शेजाऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून. तीन ठिपके होते. अडीचशे मागितले. मी घासाघीस केली नाही, त्यामुळे विकणाऱ्याला संशय आला की आपण कमी सांगितलं, आणि तो 'जोडी आहे, पाचशे' म्हणायला लागला. दुसरं आमचं नव्हतं. तरी घेतलं.

---

शंकेखोर | सोमवार, रात्री ११.०४

मग घरातून पेटी घ्यायची झाली तर किती द्यायचे? भावनेवर नको, आकड्यात सांगा.

---

मेटावरचा | सोमवार, रात्री ११.२०

पाती मोजा. चांगल्या प्रत्येक पात्याला त्या मापाच्या नव्या पटाशीच्या निम्मी किंमत धरा. रंध्याचं पातंही त्यात मोजा. करवत सरळ असेल तर दोन पाती धरा. बाकी लाकूडसामान, मोगरी, गुण्या, पेटी हे फुकट. तरी तुम्हाला स्वस्तच पडतं. आणि घरी कोणी हत्यार चालवणार आहे का हे आधी विचारा. कधी कधी आतल्या खोलीत नातू असतो.

---

दारूखाना रिटर्न | मंगळवार, सकाळी ७.३०

हिशेब केला. तुमच्या मापाने माझी पेटी तीन हजारांच्या पुढे जाते. त्या घराचा पत्ता अजून आहे माझ्याकडे. बघतो.

---

बाल्कनीतला सुतार (धागाकर्ता) | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.००

धागा वर काढतोय.

ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने भोरकडच्या एका गावात जाऊन आलो. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली, आजी एकट्या. नातू आहे का विचारलं. आहे, पण दुबईत, एसीचं काम करतो. आजींनी स्वतः पेटी उघडली आणि एकेक वस्तू काढून ओटीवर मांडली, कोणत्या वस्तूने गावातलं काय काय केलं ते सांगत. देवळाचं दार गलत्याच्या रंध्याने. पाळणा बारक्या पटाशीने. दोन तास गेले. मी कानस खिशातून काढलीच नाही.

अकरा पाती, एक करवत. मेटावरचा दादांच्या मापाने आकडा सांगितला, तर आजी म्हणाल्या, "एवढे नको, भंगारवाला चारशे म्हणाला होता." आमची घासाघीस उलटीकडून झाली. शेवटी दोन हजारांवर तडजोड. वाकस (लाकूड तासायचं हत्यार) मात्र दिला नाही. त्याने त्या नारळ सोलतात.

घरी आल्यावर तपासणी: दोन पटाश्यांचं पाणी उतरलेलं, एकीच्या पाठीला खड्डे (माई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे धारेजवळच). बाकी आठ उत्तम. शिसवी रंधा लिंबाएवढ्या लाकडाच्या तुकड्याने तोंड भरून चालू झाला. पहिली सलग साल निघाली ती बायकोला दाखवली. ती म्हणाली, "बरं आहे, पण ही झाडायची कोणी?"

आता अडलंय करवतीपाशी. पातं वाकवून सोडलं तर सरळ परत येतं, म्हणजे पोलाद चांगलं आहे. पण लाकडात दोन इंच जाऊन अडकते. दाते बोथट वाटत नाहीत. पुण्यात करवतीला धार लावून देणारा कोणी उरलाय का?

---

मेटावरचा | रविवार, रात्री ९.४०

धारेचं काम नाही. दात्यांची फाक गेलीय. एक दाता डावीकडे, एक उजवीकडे जरासा झुकलेला असतो, तेव्हा पात्याला वाट मिळते. कानस लावून लावून ती कमी होत जाते, आजोबांनी शेवटी शेवटी द्यायची राहून गेली असेल.

रविवारी शेडवर या, दहानंतर. करवत फडक्यात गुंडाळून आणा, आणि तो चिरलेला रंधाही. त्याचं पातं बघू.

---

शंकेखोर | रविवार, रात्री ९.४५

प्रचि अजून आलेले नाहीत.